२६ नोव्हेंबर : हिशेबाचा दिवस

दर वर्षी दिवाळी आटोपली, की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. महाराष्ट्राबाहेरच्या शहरांतील मराठी मंडळे २६ नोव्हेंबरला मुंबईवरील हल्ल्याचा स्मृतिदिन पाळतात. सभागृहात तसबिरी मांडल्या जातात, मेणबत्त्या लावल्या जातात, दोन मिनिटे सर्व जण स्तब्ध उभे राहतात आणि मग एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला चार शब्द बोलायला सांगितले जाते. असा अधिकारी म्हणून मी अनेक वर्षे गेलो. विषय कोणी सांगावा लागत नाही. तो शौर्याचाच असतो. मीही त्यावर मनापासून बोलत आलो.

मागच्या खेपेस मात्र एका मंडळाच्या कार्यवाहांना मी म्हटले, "या वर्षी मला शौर्यावर बोलायचे नाही. एका फायलीवर बोलायचे आहे." पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "साहेब, त्या दिवशी लोकांना प्रेरणा मिळेल असे काही हवे असते. फायलींचे आपण पुन्हा कधीतरी ठेवू." तो कार्यक्रम माझ्याशिवाय पार पडला. त्या दिवशी जे बोलायचे राहून गेले, ते येथे लिहीत आहे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. त्या रात्रीच्या शूरांपुढे माझी मान आजही झुकते. गिरगाव चौपाटीवर केवळ लाठी हाती असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचे उद्घोषक विष्णू झेंडे जागचे हलले नाहीत. प्रवाशांनी कोणत्या बाजूने बाहेर पडावे, हे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले. कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर स्त्रियांना सुरक्षित जागी हलवले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन, हवालदार गजेंदर सिंह ही नावे तर आपल्या मुलांनाही पाठ आहेत. ती पाठ असावीत.

पण या प्रत्येक प्रसंगाकडे प्रशासकाच्या नजरेने पाहिले, की एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. ओंबळे यांच्या हाती लाठीच का होती? त्यांचे बलिदान आपण सांगतो, त्यांच्या हातातील लाठीबद्दल बोलत नाही. लाठीबद्दल बोलायचे तर खरेदीची फाईल काढावी लागेल. ती कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे विचारावे लागेल. त्यापेक्षा पुष्पहार सोपा.

दुसऱ्याच्या फायलीबद्दल बोलण्यापूर्वी मी माझ्या फायलीबद्दल बोलतो.

माझी नोकरी महाराष्ट्राबाहेर, पूर्व किनाऱ्यावरच्या एका राज्यात झाली. २००५ मध्ये केंद्र शासनाने किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर केला. ९ किनारी राज्ये आणि ४ केंद्रशासित प्रदेश यांसाठी ७३ किनारी पोलीस ठाणी, ९७ तपासणी नाकी आणि २०४ बोटी असा तो आराखडा होता. त्यांतील एक ठाणे माझ्या जिल्ह्याच्या वाट्याला आले. मी तेव्हा तेथे जिल्हाधिकारी होतो. ठाण्यासाठी किनाऱ्यालगत सुमारे एक एकर जागा हवी होती. जागा सरकारीच होती, परंतु नोंद दुसऱ्या एका खात्याच्या नावे होती. तिचा काही भाग किनारा नियमन क्षेत्रात येत होता आणि उरलेल्या भागावर मच्छीमार मासळी वाळवीत.

प्रस्ताव माझ्याकडे आला. मी तो वाचला आणि त्यावर शेरा लिहिला : 'मच्छीमार संस्थेचे ना-हरकत पत्र व मोजणी नकाशा जोडून पुनश्च सादर करावे.' फाईल तालुक्याला गेली. चार महिन्यांनी परत आली. मग नोंदीचा प्रश्न निघाला, तो संबंधित खात्याकडे गेला. त्या खात्याने आपल्या मुख्यालयाचे मार्गदर्शन मागवले. पुढे पर्यावरणाच्या परवानगीचा मुद्दा आला. जागा पोलिसांच्या ताब्यात जाईपर्यंत चौदा महिने लोटले. तोवर हे 'किनारी' पोलीस ठाणे समुद्रापासून सात किलोमीटर आत, गावातल्या जुन्या ठाण्याच्या एका खोलीत चालत होते. तेथील निरीक्षक निवृत्तीला आलेले, मिश्कील स्वभावाचे गृहस्थ होते. आढावा बैठकीत ते मला म्हणाले, "सर, माझ्या शिपायांना समुद्र पाहायचा असेल तर बसचे तिकीट काढावे लागते." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. इतिवृत्तात त्या वाक्याची नोंद झाली नाही.

पुढे माझी बदली दिल्लीला झाली. निरोपाच्या समारंभात रखडलेली जमीन हस्तांतरणाची प्रकरणे मार्गी लावल्याबद्दल माझे कौतुक झाले. ठाण्याची इमारत तेव्हा पायाच्या वरही आलेली नव्हती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी दिल्लीतील सरकारी निवासस्थानी होतो. घरच्या नातेवाइकांना, गिरगाव-दादरच्या मित्रांना फोन लावणे, न लागला तर पुन्हा लावणे, यात ती रात्र गेली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाची रात्र अशीच गेली असेल. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जो भेटेल तो विचारी, "तुमच्या घरचे सगळे ठीक आहेत ना?" होय, ठीक आहेत, असे मी सांगत होतो. त्याच दिवशी बातम्यांत हे येऊ लागले, की हल्लेखोर समुद्रातून आले, मासेमारीच्या नौकेतून आले, कुलाब्याच्या कोळीवस्तीजवळ रबरी होडीतून उतरले. त्या क्षणी मला त्या निरीक्षकांचे बसच्या तिकिटाचे वाक्य आठवले. त्यानंतर मला त्यावर कधी हसू आलेले नाही.

माझ्या जिल्ह्यावर संकट आले नाही, याचे श्रेय मला नाही. त्या दहा जणांचा मार्ग दुसऱ्या समुद्रातून होता, एवढेच.

आता या प्रकरणातली खरी गोष्ट सांगतो. त्या चौदा महिन्यांबद्दल मला आजवर कोणीही काही विचारलेले नाही. हल्ल्यानंतर देशभर पत्रे सुटली, बैठका झाल्या, किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्याकडून माहिती मागवली गेली. ठाणे बांधून झाले का, असे विचारले गेले. ते का झाले नाही आणि वेळ कोठे गेला, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर माझ्याकडे उत्तर होते. फायलीवरचा प्रत्येक शेरा नियमाला धरून होता. ना-हरकत मागणे योग्यच होते, मोजणी योग्यच होती, परवानगी आवश्यकच होती. चौदा महिन्यांत एकाही अधिकाऱ्याने एकही बेकायदा गोष्ट केली नाही आणि चौदा महिने समुद्रावर पोलीस नव्हता. आपल्या प्रशासनातील अपयश बहुतेक वेळा असेच असते. त्यात खलनायक सापडत नाही, म्हणून कोणी शोधही घेत नाही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असता तर तो आत्मचरित्रात शोभला असता. पण देशपातळीवर पाहिले तरी चित्र हेच दिसते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे मेली. त्यासाठी वापरलेले आरडीएक्स रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरवले गेले होते. कस्टम्स आणि पोलीस खात्यातील काही जणांना पुढे न्यायालयाने दोषीही ठरवले. म्हणजे समुद्र हा दरवाजा आहे आणि तो उघडा आहे, हे आपल्याला १९९३ मध्येच कळले होते. त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम्स यांची संयुक्त गस्त 'ऑपरेशन स्वान' या नावाने महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर सुरू झाली. कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने अहवाल दिला. त्यात किनारी पोलिसांची आवश्यकता सांगितली होती. २००५ मध्ये योजना मंजूर झाली. आणि २००८ मध्ये दहा माणसे कराचीहून निघून, वाटेत भारतीय नौका बळकावून, देशाच्या आर्थिक राजधानीत चालत शिरली. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताज हॉटेल लक्ष्य होऊ शकते, अशा पूर्वसूचनाही यंत्रणांकडे आलेल्या होत्या.

पंधरा वर्षे, एक संयुक्त मोहीम, एक मंत्रिगट, एक योजना. कागदावर पाहिले तर कोणीही गाफील नव्हते.

हल्ल्यानंतर काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. डिसेंबर २००८ मध्येच राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला. हल्ला सुरू झाल्यावर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो हरयाणातील मानेसरहून निघून मुंबईत कारवाईला उभे राहीपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. म्हणून २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबाद येथे त्यांची केंद्रे उघडली गेली. महाराष्ट्राने 'फोर्स वन' उभारले. किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, 'सागर प्रहरी बल' निर्माण झाले. ही कामे खरी आहेत, आणि ती करणाऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु याच यादीच्या शेजारी दुसरी यादी ठेवून पाहा. किनारी योजनेच्या पहिल्या टप्प्यात बोटी होत्या. त्या लावायला धक्क्यांची तरतूद नव्हती. १३१ नव्या ठाण्यांबरोबर ६० धक्क्यांची तरतूद झाली ती दुसऱ्या टप्प्यात, २०११ मध्ये. महालेखापरीक्षकांनी एकाहून अधिक राज्यांबाबत लिहून ठेवले आहे, की बोटी दुरुस्तीअभावी पडून राहिल्या, पदे रिक्त राहिली, ठरलेली गस्त झाली नाही. २० मीटरहून मोठ्या नौकांवर ओळख-यंत्र सक्तीचे झाले. पण आपल्या किनाऱ्यावर संख्येने लहान नौकाच अधिक आहेत. त्यांच्यावर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ पालघर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये झाला. हल्ल्यानंतर जवळजवळ सोळा वर्षांनी! आणि आपला किनारा ७५१६ किलोमीटरचा आहे, हे मी शाळेत घोकले आणि पुढे प्रशिक्षणार्थींनाही शिकवले. नव्या मोजणीनुसार तो ११,०९८ किलोमीटर भरला. ज्याची राखण करायची त्याची नीट मोजणी व्हायलाही एवढा काळ जावा लागला.

या दोन्ही याद्या एकत्र वाचून दाखवण्याचा एक दिवस वर्षात असावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तो दिवस २६ नोव्हेंबर असावा.

आपण हल्ल्यांनंतर काय करतो ते आठवून पाहा. त्या वेळी तीन दिवसांतच राजीनामे सुरू झाले. केंद्रीय गृहमंत्री, राज्याचे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे तिघेही पायउतार झाले. लोकांचा संताप शमला. साधारण सव्वा वर्षाच्या आत तिघेही पुन्हा मोठ्या पदांवर होते. व्यक्तींबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. राजीनामा ही नैतिक कृती आहे, हे मान्य. पण आपल्याकडे तो हिशेबाऐवजी दिला जातो. माणूस गेला की प्रश्नही गेला, अशी समजूत करून घेतली जाते. फाईल तेथेच असते, शेरेही तेच असतात.

चौकशीचे काय झाले? महाराष्ट्र शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची द्विसदस्य समिती नेमली. तिने २००९ मध्ये अहवाल दिला. तिची कक्षा राज्याच्या यंत्रणेपुरती. केंद्राच्या गुप्तवार्ता यंत्रणा, नौदल, तटरक्षक दल तिच्या बाहेर. आणि तो अहवालही सुरुवातीला संपूर्ण रूपाने विधिमंडळापुढे आला नाही. देशपातळीवर सर्व यंत्रणांची एकत्र चौकशी करणारा आयोग नेमला गेलाच नाही. अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याबद्दल असा आयोग नेमला. त्याचा अहवाल जुलै २००४ मध्ये पुस्तकांच्या दुकानांत विकत मिळत होता. आपल्याकडे अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांना, त्या रात्री आपल्या पतीच्या बाबतीत नेमके काय घडले हे समजून घेण्यासाठी, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून नियंत्रण कक्षातील संदेशांच्या नोंदी मिळवाव्या लागल्या. अशोकचक्र मिळालेल्या अधिकाऱ्याच्या पत्नीला! तसबिरीला हार घालताना हे आपण आठवतो का?

त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पायाला गोळी लागली. पुढे तिने न्यायालयात उभे राहून कसाबला ओळखले. तिचे कौतुक सर्वांनी केले. पण कबूल केलेल्या घरासाठी मोठेपणी तिला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मला खात्री आहे, की तिच्या फायलीवरचे शेरेही नियमाला धरूनच असतील.

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप मी वारंवार ऐकले आहेत. ते प्रामाणिक आहेत, म्हणून उत्तर देतो.

पहिला आक्षेप असा, की श्रद्धांजलीच्या दिवशी उणी-दुणी काढू नयेत, दलांचे मनोधैर्य खचते. माझा अनुभव उलट आहे. गस्तीची बोट बिघडली आहे हे ज्या शिपायाला रोज दिसते, त्याचे मनोधैर्य ती गोष्ट लपवल्याने वाढत नाही. वरिष्ठांनी ती उघड कबूल केली आणि तारीख देऊन दुरुस्त केली, तर वाढते. मनोधैर्याची ढाल बहुधा शिपायापुढे धरलेली नसते, ती आमच्यासारख्या अधिकाऱ्यांपुढे धरलेली असते.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. गस्तीच्या वेळा, मार्ग, शस्त्रे, खबऱ्यांची माहिती गुप्तच राहिली पाहिजे. पण किती पदे मंजूर आहेत आणि किती भरली, किती बोटी मिळाल्या आणि किती चालू आहेत, गेल्या सरावात सापडलेल्या त्रुटींपैकी किती दूर झाल्या, यात गुप्त काय आहे? लेखापरीक्षक या गोष्टी दोन-चार वर्षांनी छापतातच. शत्रूला त्या तेव्हाही वाचता येतात. उशिरा छापल्याने फक्त एवढेच साधते, की तोवर संबंधित अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यानंतर समुद्रमार्गे तसा हल्ला झालेला नाही, म्हणजे व्यवस्था काम करते आहे. काही अंशी हे खरे असेलही, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहावे. पण १९९३ ते २००८ या पंधरा वर्षांतही समुद्रमार्गे तसा हल्ला झाला नव्हता. त्या काळात आम्ही अधिकारी हेच वाक्य बैठकांतून बोलत होतो. संकट न येणे आणि संकटाची तयारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या जिल्ह्याने मला शिकवले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जण मारले गेले. त्यांतील ६ जण आपल्या महाराष्ट्रातील होते. तो डोंगर होता, समुद्र नव्हता. दरवाजे अनेक आहेत. त्या दिवसाचाही स्मृतिदिन दर वर्षी येत राहील, आणि तोही आपण केवळ मेणबत्त्यांवर भागवायचा का, हे आतापासूनच ठरवायला हवे.

गुन्हेगारांचा हिशेब न्यायालये करीत आहेत. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. तहव्वुर राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आणले गेले. पाकिस्तानातील मुख्य सूत्रधार या गुन्ह्यासाठी आजही शिक्षेपलीकडे आहेत, आणि त्यांचा पाठपुरावा सोडता कामा नये. पण तो हिशेब त्यांचा झाला. आपला हिशेब पाकिस्तान देणार नाही, तो आपल्यालाच द्यावा लागेल.

मग काय करावे? माझ्या सूचना साध्या आहेत आणि त्यांसाठी नवा कायदा लागत नाही.

१. दर २६ नोव्हेंबरला प्रत्येक किनारी जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्याने आणि पोलीस अधीक्षकांनी मिळून एक पानाचे निवेदन प्रसिद्ध करावे. त्यात मंजूर आणि भरलेली पदे, मिळालेल्या आणि चालू स्थितीतल्या बोटी, इंधनाची तरतूद व प्रत्यक्ष खर्च, आणि गेल्या वर्षी कबूल केलेल्या कामांपैकी झालेली व न झालेली कामे असावीत. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम शासनाला स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगतेच.

२. 'सागर कवच' आणि 'सी व्हिजिल' यांसारखे सराव होतात. त्यांतील त्रुटींची गोपनीय यादी विधिमंडळाच्या व संसदेच्या संबंधित समितीपुढे ठराविक मुदतीत जावी, आणि पुढच्या सरावाआधी तिची पूर्तता तपासली जावी.

३. सुरक्षेशी संबंधित प्रत्येक फाईलवर पहिल्या पानाला एक तक्ता असावा : कोणाकडे किती दिवस. माझ्या त्या फाईलवर असा तक्ता असता, तर दुसऱ्या महिन्यात मी स्वतः मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना बोलावून घेतले असते. ते पत्र घ्यायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला नसता, हे मला तेव्हाही माहीत होते.

४. जखमींची आणि मृतांच्या कुटुंबांची प्रलंबित प्रकरणे त्या दिवसापूर्वी निकाली काढावीत, आणि जी उरतील त्यांचे कारण लेखी द्यावे.

आणखी एक गोष्ट. 'कुबेर' नौकेवर पाच मच्छीमार होते. पोरबंदरहून पोटासाठी समुद्रात गेलेली साधी माणसे. हल्लेखोरांनी त्या पाचही जणांना ठार केले. या कटाचे पहिले बळी ते. कुलाब्याच्या वस्तीत उतरणाऱ्या त्या तरुणांना हटकले तेही तेथील कोळी लोकांनीच. समुद्रावर काय वेगळे चालले आहे हे मच्छीमाराला आधी कळते, नंतर सरकारला. तरीही आपण त्याच्याकडे ओळखपत्र मागितले, नौकेला रंग लावायला सांगितला, त्याला रांगेत उभे केले. त्याने सांगितलेले ऐकून घेणारा माणूस मात्र बंदरावर क्वचितच बसवला. मी इतकी भाषणे ऐकली आणि केली, पण त्या पाच मच्छीमारांचा उल्लेख एकाही भाषणात ऐकला नाही. माझ्याही नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण चेन्नई, कोची, विशाखापट्टणम, सुरत, कोलकाता अशा किनाऱ्यालगतच्या शहरांत राहता. २६/११ ला मुंबईसाठी तुमचा जीव तुटतो, हे मी पाहिले आहे. त्या दिवशी मेणबत्ती जरूर लावा. पण त्याआधी महिनाभर, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज द्या. तीसच दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. शुल्क बहुतेक ठिकाणी दहा रुपये आहे. विचारा : किनारी ठाणी किती, पदे किती भरली, बोटी किती चालू आहेत. काही उत्तरे नाकारली जातील, काही अर्धवट येतील. पण एखाद्या टेबलावर थांबलेली एखादी फाईल त्या अर्जामुळे हलेल. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता, तर मला तेव्हा राग आला असता. आज वाटते, तो यायला हवा होता.

२६ नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. त्या दिवशी सरकारी कार्यालयांतून उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते. 'आम्ही भारताचे लोक' असे आपण मोठ्याने म्हणतो. त्या लोकांपुढे, त्याच दिवशी, त्याच सभागृहात एक पानाचा हिशेब वाचायला फार तर दहा मिनिटे लागतील.

मंडळाच्या कार्यवाहांना हा लेख पाठवीत आहे. पुढच्या नोव्हेंबरात त्यांनी बोलावले तर मी अवश्य जाईन. शौर्यावरही बोलेन. फक्त त्याआधीची दहा मिनिटे मला त्या चौदा महिन्यांच्या फाईलसाठी हवी आहेत.